माजी सैनिकांचे हक्क आणि रिकाम्या खुर्च्या

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातूनही गाड्या भरभरून निघतात. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब ज्या विजयस्तंभासमोर उभे राहिले, तेथे आपणही नतमस्तक होतो. दोनशे वर्षांपूर्वी लढलेल्या शूर सैनिकांचे स्मरण करतो. हे झालेच पाहिजे. पण २ जानेवारीला गावी परतल्यावर, आपल्याच बुद्धविहारामागच्या गल्लीत राहणाऱ्या सैनिकाच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन सहा महिन्यांपासून का थांबले आहे, हे विचारायला आपल्यापैकी कितीजण जातात? स्तंभावरची नावे आपल्याला ठाऊक आहेत. गल्लीतली माय मात्र एकटीच कागदांची पिशवी घेऊन एस.टी.च्या थांब्यावर उभी असते.

सैनिकाचे निवृत्तिवेतन हा आंबेडकरी चळवळीला परका विषय नाही. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातले सुभेदार होते. लष्करातले शिक्षण आणि पुढे निवृत्तिवेतनाचा आधार यांतूनच त्या घरात पुस्तके आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये तीच मागणी पुन्हा मांडली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली ती मोडीत काढली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. महाडच्या सत्याग्रहातही निवृत्त सैनिक शिस्तीने पुढे होते. बंदूक हाती घेणे आणि ती खाली ठेवल्यावर सन्मानाने जगणे, या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी अर्ज करून, भांडून मिळविल्या आहेत. कोणी दान म्हणून दिलेल्या नाहीत.

कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा खटल्यात स्पष्ट केले, की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. कायद्यात हक्क आहे, सरकारी तिजोरीत तरतूदही आहे. मग तो हक्क मेहकरच्या, लोणारच्या, संग्रामपूरच्या माणसापर्यंत का पोहोचत नाही? कारण हक्क आणि माणूस यांच्यामध्ये एक टेबल असते आणि त्या टेबलामागची खुर्ची रिकामी असते.

ही यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घेऊ. माजी सैनिकांच्या देखभालीच्या व्यवस्थेचे मूळ १९१९ साली स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डात आहे. आज दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी रचना आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. खर्चाचा वाटा केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के उचलायचा असतो. म्हणजे काम अडले की दिल्लीने मुंबईकडे बोट दाखवायचे आणि मुंबईने दिल्लीकडे! या साऱ्या रचनेत गावापर्यंत जाणारा माणूस एकच. त्याचे नाव कल्याण संघटक. तालुक्यात फिरायचे, माजी सैनिक आणि विधवांना भेटायचे, त्यांचे अर्ज भरून घ्यायचे, त्रुटी दूर करायच्या, हे त्याचे काम. हा संघटक नसेल तर जिल्हा कार्यालय म्हणजे नुसता फलक लावलेली इमारत उरते.

आता सरकारचीच जाहिरात पाहा. २०२४ च्या सुरुवातीला सैनिक कल्याण विभागाने गट क ची ६२ पदे भरण्यासाठी जाहिरात काढली. त्यांतली ४० पदे कल्याण संघटकांची होती. राज्यात जिल्हे ३६! म्हणजे सरासरी काढली तर जिल्ह्यामागे एकाहून अधिक संघटकाची जागा भरायची होती. नंतर २०२५ मध्ये लिपिक टंकलेखकांच्या ७२ पदांची जाहिरात आली. जिल्ह्यामागे दोन. जाहिरात निघते ती भरलेल्या खुर्चीसाठी निघत नाही. ज्या खात्यात फिरणारा माणूसही नाही आणि टंकलेखन करणारा माणूसही नाही, त्या खात्याने वर्षानुवर्षे नेमके कोणाचे कल्याण केले? भरती निघाली हे चांगलेच झाले. पण जाहिरात म्हणजे नियुक्ती नव्हे आणि नियुक्ती म्हणजे तालुक्यातला दौरा नव्हे. यांतले अंतर आपल्याला मोजावे लागेल.

बुलडाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव. आणि पार सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद आणि संग्रामपूर. संग्रामपूर तालुक्यातल्या वृद्धेला बुलडाण्याला यायचे तर शेगाव-खामगाव करीत शंभरेक किलोमीटरचा प्रवास, गाड्या बदलत. सकाळी निघालेली माय दुपारी कार्यालयात पोहोचते. तेथे ‘आज साहेब बैठकीला गेले’ किंवा ‘हा कागद कमी आहे’ एवढे ऐकून तिला परत फिरावे लागले, तर तिची एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही बुडाले. एखाद्या कार्यालयातला अधिकारी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. तीन माणसांचे काम एकाने करायचे ठरवले की चांगला माणूसही ‘पुढच्या आठवड्यात या’ असेच म्हणणार.

त्यात आता सारे काही संगणकावर गेले आहे. २०२१ पासून संरक्षण खात्याने ‘स्पर्श’ नावाची प्रणाली सुरू केली. पूर्वी बँकेतून मिळणारे निवृत्तिवेतन आता प्रयागराजच्या कार्यालयामार्फत थेट खात्यात जमा होते. बँकांच्या गोंधळातून सुटका व्हावी हा हेतू चांगला आहे. पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, नाव, जन्मतारीख, आधार आणि बँकखाते सगळीकडे सारखे हवे, संदेश मोबाईलवर येणार, संकेताक्षर लक्षात ठेवायचे. एप्रिल २०२२ मध्ये काय झाले ते आठवा. ओळख पटविण्याची प्रक्रिया पूर्ण न झाल्यामुळे देशभरातल्या ५८ हजारांहून अधिक निवृत्त सैनिकांचे आणि कुटुंबांचे निवृत्तिवेतन महिनाअखेर जमा झालेच नाही. ओरड झाल्यावर संरक्षण खात्याने ४ मे रोजी एकवेळची सवलत देऊन ते जमा केले. ज्यांचा मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो त्यांचा प्रश्न घरच्या घरी सुटला. ज्यांचा मुलगा ऊसतोडीला गेला आहे, त्यांनी कोणाकडे जायचे? प्रणालीचे नाव ‘स्पर्श’, पण ती ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही ते पूर्वीही गावकुसाबाहेरच होते!

माझ्याकडे आलेल्या एका मायची हकिकत सांगतो. तिचे नाव-गाव सांगत नाही. मालक फौजेत होते, वारले. फौजेच्या कागदात हिचे नाव माहेरचे, आधारकार्डावर सासरचे, बँकेच्या पासबुकात तिसरेच. दाखला घेऊन ती तीन ठिकाणी फिरली. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाठविले. शेवटी माझ्यासमोर बसून म्हणाली, “वकीलसाहेब, मी जित्ती हावो, हे आजूक किती डाव सांगू?” तिचे काम झाले. लागले काय? एक प्रतिज्ञापत्र, एक राजपत्रातली नोंद, अभिलेख कार्यालयाला दोन पत्रे. कायद्याचे फारसे ज्ञान लागले नाही. समोर बसून कागद वाचणारा एक माणूस लागला. तो तिला दीड वर्ष मिळाला नव्हता.

नावांचा हा प्रश्न आपल्या समाजात अधिक टोकदार आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण नावे बदलली, आडनावे बदलली, मुलांची नावे नव्याने ठेवली. जुन्या सैनिकाच्या सेवापुस्तकात मात्र भरतीच्या वेळची नोंद तशीच राहिली. विवाहांचेही तेच. विहारात, पंचशील घेऊन, साध्या पद्धतीने विवाह झाला. नोंदणी कोणी केली नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे आणि राज्याचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदाही आहे, पण दाखला काढायचे राहून गेले. लष्करात विवाह आणि अपत्यांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते. जवानाने ती नोंद केली नसेल, तर त्याच्या मागे त्याची पत्नी लष्कराच्या दप्तरी अस्तित्वातच नसते. मग मध्य प्रदेशातल्या सागर येथील महार रेजिमेंटच्या किंवा ज्या-त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार आला. तो इंग्रजीत किंवा हिंदीत. हा पत्रव्यवहार करण्यासाठीच जिल्हा कार्यालयात लिपिक असतो. ती खुर्ची रिकामी असली की दलालाची खुर्ची भरते.

उशिराची किंमत नुसत्या हेलपाट्यांत मोजता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेमसिंग खटल्यात सांगितले, की निवृत्तिवेतन न देणे ही दरमहा होत राहणारी चूक असल्याने उशिरा आलेल्यालाही दाद मिळेल, पण थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळेल. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. एखादी विधवा आठ वर्षे चकरा मारून न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली, तरी पाच वर्षांची रक्कम बुडण्याचा धोका असतो. सरकारने लिपिकाचा पगार वाचविला आणि त्याची किंमत त्या विधवेने भरली!

अपंगत्व निवृत्तिवेतनाचेही असेच. २०१३ साली धरमवीरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी तंदुरुस्त असलेला जवान सेवेत असताना आजारी पडला, तर तो आजार सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सप्टेंबर २०२३ पासून सरकारने नवे नियम आणले. कोणाला कोणते नियम लागू, हे सेवामुक्तीची तारीख पाहून सांगावे लागते. सांगणार कोण? माजी सैनिकांची दाद ऐकण्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत. बुलडाण्याच्या शिपायाने मुंबईचा वकील करायचा कुठल्या पैशातून?

येथे एक चांगली गोष्ट घडली आहे. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत मोफत कायदेविषयक सल्ला केंद्रे असावीत आणि सैनिक व त्यांच्या कुटुंबांना विनाशुल्क वकील मिळावा, अशी ती योजना आहे. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री उत्पन्न न पाहता मोफत वकिलाची हक्कदार आहे. म्हणजे आपल्या समाजातली सैनिकाची विधवा दोन्ही बाजूंनी पात्र आहे. पण केंद्राचा फलक लागला आणि आत वकील ठरलेल्या दिवशी बसलाच नाही, तर ही योजनाही उद्घाटनाच्या छायाचित्रापुरती उरेल.

तसेच दारिद्र्य अनुदानाचे. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही असे ६५ वर्षांवरील, हवालदार व त्याखालच्या हुद्द्याचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा ४ हजार रुपये मिळत. संरक्षण खात्याने ही रक्कम दुप्पट करून ८ हजार केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना ती लागू झाली. मुलांच्या शिक्षणाचे अनुदान दरमहा १ हजारावरून २ हजार आणि विवाह अनुदान ५० हजारांवरून १ लाख झाले. स्वागतच आहे. पण हे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पडताळणीतून जातात. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणत: १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी घरी आलेल्यांत सर्वांत गरीब कोण, हे कार्यालयात बसून कळत नाही. त्यासाठी गावात जावे लागते. अनुदान दुप्पट झाले, पण ते गावात सांगायला जाणारी पावले दुप्पट झाली का?

आता आपल्या जिल्ह्याचेच आणखी दोन दाखले. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथील हल्ल्यात बुलडाणा जिल्ह्याने दोन सुपुत्र गमावले. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. साऱ्या जिल्ह्याने अश्रू ढाळले. पण किती जणांना ठाऊक आहे, की केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान कायद्याच्या व्याख्येत ‘माजी सैनिक’ नसतो? तो गृह खात्याचा. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना नवी पेन्शन योजना. जुनी पेन्शन द्यावी असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला, तर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जाऊन स्थगिती मिळविली. हुतात्मा झाल्यावर तिरंगा दोघांनाही सारखाच. मागे राहिलेल्यांना मात्र वेगवेगळ्या खिडक्या.

दुसरा दाखला बुलडाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये अग्निवीर अक्षय गवते सियाचीनच्या बर्फात कर्तव्यावर असताना मरण पावला. विमा, सानुग्रह अनुदान अशा ठोक रकमा कुटुंबाला मिळाल्या, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. पण दरमहा येणारे कुटुंब निवृत्तिवेतन अग्निवीराच्या आईवडिलांना नाही. ठोक रक्कम संपते, म्हातारपण संपत नाही. २०२२ च्या अखेरीस भरती सुरू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यांतले फार तर २५ टक्के कायम होणार. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याची, बौद्धांची, बंजाऱ्यांची, मराठा-कुणब्यांची पोरे त्यांत आहेत. ही पोरे चौकशीसाठी सैनिक कल्याण कार्यालयाच्याच दारात येणार. तेथे त्यांना ‘तुम्ही आमच्या यादीत नाही’ एवढेच उत्तर मिळणार काय?

यावर सरकारपक्षाकडून नेहमी तीन युक्तिवाद होतात. पहिला, सारे ऑनलाईन झाले, आता माणसे कशाला? त्याचे उत्तर एप्रिल २०२२ ने दिले आहे. दुसरा, पैसा नाही. मग ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट दरवर्षी कसे ठरते? ७ डिसेंबरच्या निमित्ताने शाळकरी पोरांपासून शिपायापर्यंत सर्वांकडून निधी गोळा होतो. उद्दिष्ट पार करणाऱ्या जिल्ह्यांचा गौरव होतो. किती विधवांची प्रकरणे निकाली निघाली, याचेही उद्दिष्ट एकदा ठरवा आणि त्याचाही गौरव करा. तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक: कंत्राटी माणसे घेऊ. ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने खासगी संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढला होता. तरुणांनी रान उठविल्यावर तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. कंत्राटात आरक्षण नसते. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कायम पद गेले की अनुसूचित जातीचे आरक्षण गेले आणि त्यातल्या माजी सैनिकाचेही गेले. शिवाय अकरा महिन्यांचा माणूस तीन वर्षे चालणारे प्रकरण कसे सांभाळणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. एक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मंजूर पदे नियमित नियुक्तीने भरावीत आणि विधवांसाठी किमान एक महिला कर्मचारी असावी. दोन, १३ही तहसील कार्यालयांत महिन्यातून एक ठरलेला दिवस कल्याण संघटक बसावा आणि वर्षाचे वेळापत्रक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. तीन, प्रत्येक अर्जाची पोच व मुदत द्यावी. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा याच तत्त्वावर उभा आहे. चार, कायदा सल्ला केंद्रात वकिलाचा दिवस आणि वेळ जाहीर करावी. पाच, अभिलेख कार्यालयांच्या पथकांना बोलावून वर्षातून एकदा नावदुरुस्तीचे शिबिर घ्यावे. सहा, अग्निवीर आणि केंद्रीय पोलीस दलांच्या कुटुंबांचीही स्वतंत्र नोंदवही याच कार्यालयात ठेवावी.

आता थोडे आपल्याबद्दल. सरकारला प्रश्न विचारताना आपल्याकडेही बोट वळवावे लागते. आपल्या जिल्ह्यात गावोगावी विहारे आहेत. पदवीधर तरुण आहेत, वकील आहेत, निवृत्त लिपिक आणि शिक्षक आहेत. रविवारच्या वंदनेनंतर एक तास प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सैनिक कुटुंबांचे कागद पाहायला बसता येणार नाही काय? डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधार, पासबुक आणि विवाहाचा पुरावा हे पाच कागद समोर मांडले आणि पाचही ठिकाणचे नाव ताडून पाहिले, तरी पुढची बरीच अडचण आधीच कळते. विहारात आलेला सैनिक कोणत्या जातीचा, हे विचारायचे कारण नाही. मराठा, बंजारा, मुस्लीम, कोणत्याही सैनिकाची विधवा तेथे हक्काने यावी.

आणि एक काम तर उद्याच करता येईल. माहिती अधिकार कायद्याचा अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट. विचारायचे चार प्रश्न: मंजूर पदे किती, भरलेली किती, मागच्या बारा महिन्यांत संघटकाने कोणत्या तालुक्याला कोणत्या तारखेला भेट दिली आणि सहा महिन्यांहून जुने प्रलंबित अर्ज किती. १३ तालुक्यांतून १३ अर्ज गेले पाहिजेत. उत्तरे आली की ती घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना भेटू, कारण मंडळाचे अध्यक्ष तेच आहेत. येत्या १ जानेवारीला कोरेगावची गाडी निघण्याआधी हे अर्ज टपालात पडलेले असावेत, एवढीच चळवळीतल्या माझ्या बांधवांना आणि भगिनींना विनंती.

जयभीम!